खांद्याला झेपेल अशी बंदूक

मला हरण मारायचं नव्हतं, मला नवरा पकडायचा होता. सुरुवात तिथून झाली, हे आधीच सांगून टाकते.

आम्ही बेलव्ह्यूला राहतो. दर ऑक्टोबरमध्ये माझा नवरा त्याच्या तीन मराठी मित्रांबरोबर डोंगर ओलांडून राज्याच्या पूर्वेकडे हरणांच्या शिकारीला जायचा. जाताना थाट असा, की वाघ मारायला निघालाय. परत यायचा तेव्हा नारिंगी जाकीट स्वच्छ, बुटांना जेमतेम माती आणि हात रिकामे. मित्रांपैकी कुणीतरी हरण मारलेलं असायचं, त्यातला वाटा आमच्या फ्रीझरमध्ये यायचा. माझ्या नवऱ्याचं कारण मात्र दरवर्षी नवं. एका वर्षी म्हणाला, "नवरात्र होतं गं, घट बसलेले असताना जीव कसा घेऊ?" हा माणूस संकष्टीला ऑम्लेट खातो. पुढच्या वर्षी गुडघा दुखत होता. त्याच्या पुढच्या वर्षी धुकं होतं. मी एका मित्राच्या बायकोला सहज विचारलं, तर ती म्हणाली, "धुकं? आमच्या फोटोत तर चक्क ऊन आहे."

मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. 'आमच्याकडे तर व्यवस्थित चालतंय' असं कुणी म्हटलं की मी खुर्ची पुढे ओढून बसते. त्या सवयीचेच मला पैसे मिळतात आणि ती घरी आल्यावर काढून ठेवता येत नाही. तेव्हा आधी अर्थातच मनात बाई आली. मग मी सोफ्यावर आडव्या पडलेल्या नवऱ्याकडे नीट बघितलं आणि तो संशय मागे घेतला. पत्ते, दारू, गुपचूप कुठल्या कसिनोत जाणं, असं एकेक तपासून पाहिलं. काहीच बसेना. पण माणूस काहीतरी लपवत होता, एवढं नक्की.

म्हणून एका वसंतात मी जाहीर केलं, "ह्या वर्षी मीही येणार." तो हसला. मग म्हणाला, खूप चालावं लागतं. मग म्हणाला, थंडी फार असते. जेवण होईपर्यंत तिथे टॉयलेट नसतं हेही निघालं. एका संध्याकाळी तीन कारणं देणाऱ्या माणसाकडे खरं कारण चौथंच असतं, हे मी ऑफिसात शिकले आहे. दुसऱ्या दिवशी मी शिकारीच्या परवान्यासाठी लागणाऱ्या वर्गात नाव घातलं.

वर्ग घेणाऱ्या बाई साठीच्या, पेशाने डेंटिस्ट. बोलताना आपल्या तोंडाकडे नको इतकं निरखून बघायच्या, पण शिकवायच्या मात्र छान. सरावाला त्यांनी लहान काडतुसाची रायफल दिली, जिचा धक्का जाणवतही नाही. मी पोटावर झोपून दस्ता खांद्याला लावला, अर्धा श्वास सोडला आणि चाप दाबला. कागदावर मधोमध भोक पडलं. पुढचंही त्याच्या शेजारीच. बाई म्हणाल्या, "तू आधी कुठे शिकली आहेस का?" मी म्हटलं, कॅरमसुद्धा नीट खेळता येत नाही मला.

गाडीत बसल्यावर मला रडू आलं आणि ते आनंदाचं होतं. ह्या देशात येऊन इतकी वर्षं झाली. घर झालं, नोकरी झाली, मुलगी कॉलेजला गेली. पण सगळं कुणाच्या तरी मागून आलं होतं, त्याच्या व्हिसामागून, तिच्या शाळेमागून. हे पहिलंच असं, जे माझं मला सापडलं आणि हाताला लगेच आलं. तेव्हापासून मला नवरा पकडायचा तर होताच, पण त्याहून जास्त त्या डोंगरावर खरंच जायचं होतं. त्यासाठी मला माझी बंदूक हवी होती.

दुकानात नवरा बरोबर आला, स्वतःहून. हीच मुळात संशयाची गोष्ट, कारण माझ्याबरोबर भांडी घ्यायला यायचं म्हटलं तरी त्याचं डोकं दुखतं. दाढीवाला विक्रेता माझ्याकडे बघून हसला आणि पुढचं सगळं माझ्या नवऱ्याशी बोलला. बंदूक हिला हवी आहे म्हटल्यावर त्याने भिंतीवरून एक आखूड, सडपातळ रायफल काढली. दस्ता मोरपंखी रंगाचा. म्हणाला, बायकांना ही फार आवडते. मी उचलून पाहिली, तर केरसुणीइतकी हलकी. वर्गात बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की बंदुकीचं वजन धक्का पोटात घेतं. तीच गोळी हलक्या बंदुकीतून मारली तर तो सगळा खांद्यावर येतो. मी विचारलं, "एवढी हलकी आहे, मग दणका जास्त नाही का बसणार?" तो म्हणाला, "सवय होईल." हे वाक्य मी लग्नानंतरही बरंच ऐकलंय. माल पडून होता की मी त्याला मोरपंखी रंगाची बाई दिसले, कोण जाणे. मी बंदूक त्याच्या हातात परत दिली.

तेवढ्यात नवऱ्याने भिंतीच्या दुसऱ्या टोकाला बोट दाखवलं. तिथे मॅग्नम रायफल होती, स्वतः त्याच्याकडे आहे तीच. लांबलचक आणि काडतूस माझ्या मधल्या बोटापेक्षा मोठं.

"ही घे. बेस्ट आहे," तो म्हणाला. "एकदाच घ्यायचं तर मोठं घ्यावं. उद्या एल्कसारखं मोठं जनावर मारायचं म्हणालीस तर? आणि सेम काडतूस दोघांना चालेल, मॅनेज करायला इझी."

आमच्याकडे सगळं वाढत्या अंगाचं घेतात. मुलीचं बर्फातलं जाकीट चौथीत घेतलं ते आठवीपर्यंत पुरलं. भाताचा कुकर असा आहे की महाराष्ट्र मंडळ जेवू घालता येईल. त्यामुळे वाद घालायचा तर हा मुद्दा बिनतोड होता, पण माझं अंग वाढायचं थांबलंय, निदान खांद्यात तरी. आणि हाच माणूस साधा टोस्टर घ्यायचा तर महिनाभर रिव्ह्यू वाचतो. त्याने माझ्यासाठी बंदूक पाच मिनिटांत ठरवली होती. जिला चालणं झेपणार नाही असं हा म्हणत होता, तिला ह्या तोफेचा दणका मात्र झेपणार होता! कुठेतरी पाणी मुरत होतं. मी विक्रेत्याला आपलं नेहमीचं 'विचार करून सांगतो' सांगितलं आणि बाहेर पडले.

घरी आल्यावर तो बाहेर गवत कापत असताना मी बंदुकीची तिजोरी उघडली. कोड मुलीचा वाढदिवस, आमच्या घरातल्या सगळ्याचाच असतो. आत त्याच्या मॅग्नमशेजारी काडतुसांचा एकच खोका होता, अगदी पहिल्या वर्षी आणलेला. वरचं दुकानाचं लेबल उन्हात ठेवल्यासारखं फिकट झालं होतं. खोका उघडला तर जवळजवळ भरलेला. म्हणजे 'सीझनआधी रेंजवर जाऊन प्रॅक्टिस करतो' म्हणून दर सप्टेंबरमध्ये शनिवारी निघणारा हा माणूस प्रॅक्टिस करत नव्हता. आणि शिकारीला जाऊन गोळी झाडत नव्हता. मग जात कशाला होता? आणि जी बंदूक हा स्वतः वापरत नाही, ती माझ्या गळ्यात का मारत होता? मला एकच उत्तर सुचलं. मी एकदा तिचा दणका खावा, घाबरावं आणि पुन्हा नाव काढू नये. त्या उत्तराने माझं डोकं असं तापलं की रात्रीच्या भाजीत मी दोनदा मीठ घातलं.

बोलले काहीच नाही. पुराव्याशिवाय तक्रार करायची नाही, हा माझा नियम आहे.

वर्गाच्या शेवटच्या रविवारी बाईंनी सगळ्यांना रेंजवर बोलावलं होतं. कुणी बंदूक घ्यायचा विचार करत असेल तर तशीच एखादी आणून, मारून बघा, असं सांगितलं होतं. नवरा मॅग्नम घेऊन हजर. मला पुरावा हवाच होता, म्हणून मीही नाही म्हटलं नाही. मी ओट्यासारख्या लांब टेबलाशी बसले, दस्ता खांद्याला लावला. तो इतका लांब होता की चापापर्यंत पोचायला मला मान पुढे ताणावी लागली. बाई मागून काहीतरी म्हणत होत्या, पण कानावर आवाज रोखणारे हेडफोन. मी चाप दाबला.

आवाज झालेला आठवत नाही. उजव्या खांद्यावर कुणीतरी वरवंटा घातल्यासारखं झालं, गालफडाला दस्ता लागला आणि डोळ्यांतून पाणी आलं. कागदाला गोळी शिवलीसुद्धा नव्हती. मी बंदूक खाली ठेवतेय तोच नवरा शेजारी आला. "राहू दे गं. सगळ्यांना नाही जमत हे. नो बिग डील." आवाज मऊ, अगदी मायेचा. आणि पिशवीतून त्याने काय काढलं, तर टॉवेलमध्ये गुंडाळलेली फ्रोजन मटारची पिशवी. खांदा शेकायला.

मी त्या मटारकडे बघतच राहिले. रेंजवर फ्रीझर नाही. ते मटार आमच्या घरचे होते, पिशवीला मीच लावलेली कपड्यांची क्लिप होती. म्हणजे घरून निघतानाच ह्याला माहीत होतं की माझा खांदा शेकावा लागणार. मला दुखत होतं त्याहून जास्त राग आला. नवरा म्हणून नाही, निदान बरोबर राहणारा माणूस म्हणून तरी त्याने मला सांगायला हवं होतं.

बाईंनी मटारची पिशवी बाजूला सरकवली. "ही बंदूक तुझी नाही. हिचा दस्ता तुला लांब पडतो आणि हरणाला एवढ्या दारूची गरजही नाही. हरणाला गोळी किती मोठी होती ते कळत नाही, कुठे लागली तेवढंच कळतं." त्यांनी स्वतःची रायफल दिली. मध्यम काडतुसाची, हातात भरीव वाटणारी, दस्त्याला मागे जाड रबर. खांद्याला लावली तर मान न ताणता डोळा आपोआप बंदुकीवरच्या दुर्बिणीसमोर आला. मारली. धक्का बसला, नाही असं नाही, पण ढकलल्यासारखा. गोळी मात्र खाली गेली.

"आता मी भरून देते, तू बघू नकोस," बाई म्हणाल्या. मी पुन्हा नेम धरून चाप दाबला. नुसतं 'टक्'. काडतूस खोटं होतं. पण बंदूक न उडताही माझ्या हातातली नळी खाली झुकली होती, आणि ते मला स्वच्छ दिसलं. मघाच्या मॅग्नमच्या एका दणक्याने माझा खांदा आधीच अंग चोरायला लागला होता. बाई सगळ्यांवर हाच प्रयोग करायच्या. कधी खरं, कधी खोटं, भरलेलं काय आहे ते मारणाऱ्याला कळू द्यायचं नाही. अर्धा तास तो खेळ चालला. हळूहळू नळी जागेवर राहायला लागली आणि कागदावरची भोकं जवळ जवळ यायला लागली.

मग बाई माझ्या नवऱ्याकडे वळल्या. "तुम्ही पण या."

"नको, नको. आय ॲम गुड," तो म्हणाला.

"नवरे नेहमी असंच म्हणतात," बाई म्हणाल्या. रांगेतले दोघे-तिघे हसले. आता नाही म्हणणं शक्य नव्हतं. तो टेबलाशी बसला. बाईंनी पाठ करून मॅग्नम भरली आणि त्याच्यापुढे ठेवली. मी बाजूला उभी होते, मला त्याचा चेहरा अर्धा दिसत होता. चाप दाबायच्या आधीच त्याने डोळे गच्च मिटले. ओठ आत ओढले. 'टक्' असा आवाज झाला आणि नळी एकदम टेबलाच्या दिशेने खाली गेली. तो तसाच डोळे मिटून बसला होता, न आलेल्या दणक्याची वाट बघत.

कुणी हसलं नाही. त्याने डोळे उघडले, पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं आणि उठून गाडीत जाऊन बसला.

मी गेले तेव्हा तो स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत होता. मी मटारची पिशवी त्याच्या मांडीवर ठेवली. "बोल."

तो पिशवीकडे बघत म्हणाला, "पहिल्या वर्षी मी मारलं होतं एक. सगळ्यांना सांगितलं मिस झालं. मिस नव्हतं झालं. डोळे मिटले आणि गोळी पोटात लागली. ते पळालं. मी म्हटलं जरा फिरून येतो आणि एकटाच अंधार पडेपर्यंत रक्त बघत बघत गेलो. सापडलंच नाही ते. त्यानंतर उचललीच नाही मी. बरोबर जायचो, झाडाखाली बसायचो, परत यायचो."

"आणि मला तीच बंदूक घ्यायला लावत होतास?"

"हो."

"का?"

त्याने पिशवीची क्लिप काढली, परत लावली. "तू भोकं पडलेला तो पेपर मला दाखवायला आणलास ना, त्या दिवशी मला खूप राग आला. मला वाटलं, हिलाही एकदा बसावा. मग ही पण बंदूक खाली ठेवेल आणि मग मी हिला म्हणेन, मला समजतं गं." त्याने क्लिप पुन्हा काढली. "मला कुणाला तरी तसं म्हणायचं होतं. किंवा कुणीतरी मला."

मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. त्याला जवळ घ्यावंसंही वाटलं. दोन्ही खरं होतं. मी म्हटलं, "तू फार वाईट वागलास माझ्याशी." तो म्हणाला, "माहितेय." मग मी ते मटार खांद्यावर धरले आणि आम्ही घरी आलो. चार दिवस मी त्याच्याशी कामापुरतं बोलले. त्याने एकदाही 'जाऊ दे ना आता' म्हटलं नाही, म्हणून पाचव्या दिवशी मी चहा दोघांचा केला.

बंदूक मी दुसऱ्या दुकानातून घेतली, बाईंच्या रायफलीच्या जातीची, दस्ता माझ्या हाताच्या मापाने आखूड करून. कागदपत्रं, चौकशी, थांबायची मुदत, सगळं झालं. त्याने आपली मॅग्नम तिजोरीतच ठेवली. रेंजवर माझ्याबरोबर यायचा, माझ्यासाठी काडतुसं भरून द्यायचा, कधी खरी, कधी खोटी. मी दर वेळी त्याच्याकडे बघायचे, पण त्याच्या चेहऱ्यावरून काही ओळखू यायचं नाही. लपवण्यात माणूस तरबेजच होता.

ऑक्टोबरात आम्ही पाचजण गेलो. मित्र दुसऱ्या उतारावर होते, आम्ही दोघं एका खडकामागे. तो बिनाबंदुकीचा, नुसती दुर्बीण घेऊन. ह्या भागात शिंगाला तीन फाटे असलेलाच नर मारायचा असतो. पहिला आला त्याला दोनच होते. दुसरा आला तेव्हा नवरा फाटे मोजून कुजबुजला, "आहेत." मला बाकी काही ऐकू येत नव्हतं. अर्धा श्वास सोडला आणि चाप दाबला. धक्का बसला की नाही, मला आजही सांगता येणार नाही.

हरण तिथेच बसल्यासारखं पडलं. मला आनंद झाला, तरी मी लगेच उठले नाही. नवरा माझ्याआधी धावत पोचला. मी गेले तेव्हा तो गुडघ्यावर बसून गोळी कुठे लागली ते बघत होता. पुढच्या पायाच्या मागे, बरगड्यांत, अगदी हवी तिथे. त्याने तिथल्या केसांवर हात ठेवला आणि मान खाली घालून बराच वेळ बसून राहिला. मी बंदूक रिकामी करून बाजूला ठेवली.

पुढच्या शनिवारी नागपूरच्या मित्राकडे बेसमेंटमध्ये सगळे जमलो. त्याने सावजी रस्सा केला होता, नाकातून पाणी काढणारा. पहिली वाटी संपायच्या आतच तो सुरू झाला. "वहिनी, मानलं तुम्हाला! पण यार, वहिनींनी शिकार केली, तू काय करत होतास? गुडघा धरून बसला होतास का?" सगळे हसायला लागले. मी नवऱ्याकडे बघितलं. आता धुकं येणार का घट बसणार, एवढंच मला बघायचं होतं.

"मी घाबरतो," तो म्हणाला. "ट्रिगर दाबताना माझे डोळे मिटतात. पहिल्या वर्षापासून मिटतात. पहिल्या वर्षी मिस झालं नव्हतं, पोटात लागलं होतं. सापडलं नाही."

हसणं थांबलं. मित्राने पळी पातेल्यात टेकवली. नवऱ्याच्या हातातली वाटी तिरकी झाली होती, रस्सा काठावरून त्याच्या बोटांवर आला तरी त्याच्या लक्षात नव्हतं. मी ती वाटी काढून घेतली, त्याची बोटं माझ्या ओढणीला पुसली आणि म्हटलं, "मला समजतं रे."